आनंदीबाईंच्या मैत्रिणी आणि आपला गट

  पापड लाटता लाटता ऐकत असाल तर हात थांबवू नका, नुसता कान इकडे द्या.

आज आम्ही एका चित्रपटाबद्दल बोलणार आहोत. चित्रपटाचं नाव 'आनंदी गोपाळ'. आपल्या देशातल्या पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांची ही गोष्ट. १५ फेब्रुवारी २०१९ ला तो आला. समीर विद्वांस यांनी दिग्दर्शन केलं, भाग्यश्री मिलिंद आनंदीबाई झाली आणि ललित प्रभाकर गोपाळराव. सामाजिक विषयावरचा चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. श्री. ज. जोशी यांच्या त्याच नावाच्या कादंबरीमुळे ही गोष्ट त्याआधीच पुष्कळ मराठी घरांत पोचली होती.

गेल्या हिवाळ्यात आम्ही हा चित्रपट दोन ठिकाणी दाखवला. आधी पेणच्या खारेपाटातल्या एका गावात, मग रोह्याला कुंडलिकेच्या काठच्या एका गावात. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधली. शाळेतून प्रोजेक्टर मागून आणला. बायका भाकऱ्या उरकून, अंगावर शाल घेऊन आल्या. चित्रपट संपल्यावर लगेच उठायचं नाही, थोडं बोलायचं, असं आधीच ठरलं होतं. त्या बोलण्यात जे निघालं ते तुम्हाला सांगावं म्हणून आज आलो आहोत.

आधी गोष्ट सांगतो, म्हणजे ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनाही कळेल.

३१ मार्च १८६५ ला जन्मलेली, कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना नावाची मुलगी. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, बिजवर, तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठा, पोस्टात कारकून. लग्नात तिचं नाव आनंदी ठेवलं. गोपाळरावांना एकच ध्यास होता, बायकोला शिकवायचं. लग्नानंतर त्यांची बदली झाली अलिबागला. आनंदीचं शिकणं नेमानं सुरू झालं ते तिथे.

हे आम्ही सांगितलं तेव्हा चादरीपुढे बसलेल्या बायका सावरून बसल्या. पेणहून वडखळ, पोयनाड करत आपण ज्या अलिबागला जिल्हा परिषदेच्या कामाला जातो, त्याच गावात दीडशे वर्षांपूर्वी दहा-अकरा वर्षांची एक सून पाटी घेऊन बसत होती. बाईच्या हातात पुस्तक म्हणजे घरावर संकट, असं मानणारे दिवस होते ते. नवऱ्याबरोबर फिरायला बाहेर पडली तरी लोक बोट दाखवत. पुढे कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत गेल्या, आणि जिथे जावं तिथे टोचून बोलणारी माणसं भेटत गेली.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. वेळेवर नीट इलाज मिळाला नाही. त्या दुःखातून तिच्या मनात डॉक्टर होण्याचं आलं. बायका पुरुष डॉक्टरला आपलं दुखणं दाखवत नाहीत, मग त्या अंगावर काढतात आणि मरतात, हे तिनं आजूबाजूला पाहिलं होतं. जाहीर सभेतही तिनं ते बोलून दाखवलं. २४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात तिनं भाषण केलं. मी अमेरिकेला का चालले, ते तिनं लोकांना तोंडावर सांगितलं. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही सांगितलं. त्या वेळी तिला अठरावं वर्ष सरत होतं. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं, असं लोक मानत होते.

इथपर्यंत आलो तेव्हा रोह्याच्या एका काकूंनी विचारलं, "पण अभ्यास केला नाही म्हणून तो तिला मारायचा ना?" हो, मारायचा. आनंदीबाईंनी पुढे पत्रात स्वतःच लिहून ठेवलं आहे ते. त्यावर बराच वेळ बोलणं झालं. कोणी म्हणालं, मारलं म्हणून तर शिकली. कोणी म्हणालं, आमच्या घरातही मारतात, आम्ही कुठे डॉक्टर झालो? आम्हाला वाटतं, दोन्ही गोष्टी खऱ्या धराव्यात. त्यानं तिला शिकवलं ते मोठं काम. मारलं ते वाईटच. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

चित्रपटाचा जीव या नवरा-बायकोत आहे. नावातच ते दोघं आहेत. त्यामुळे आनंदीबाईंच्या मैत्रिणींना त्यात जागा थोडी मिळते. आम्हाला मात्र त्या मैत्रिणींबद्दलच बोलायचं होतं. म्हणून चादर सोडण्याआधी आम्ही तो भाग तोंडी सांगितला.

गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना एका अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. माझ्या बायकोला शिकायचं आहे, अमेरिकेत काही सोय होईल का? मिशनऱ्याचं म्हणणं पडलं, आधी ख्रिस्ती व्हा. गोपाळरावांना ते मान्य नव्हतं. तो पत्रव्यवहार मिशनऱ्यानं आपल्या मासिकात छापला. गोष्ट तिथेच संपायची. पण ते मासिक अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल नावाच्या गावी एका बाईच्या हाती आलं. ही बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसली होती. समोर पडलेलं मासिक तिनं सहज उचललं आणि ते पत्र वाचलं. तिचं नाव थिओडिसिया कार्पेंटर.

विचार करा, दवाखान्यात बसून आपण किती वाचतो, किती ऐकतो. 'अरेरे' म्हणतो आणि घरी येऊन विसरतो. या बाईनं घरी जाऊन पत्र लिहिलं. ओळख ना पाळख, देश वेगळा, धर्म वेगळा, भाषा वेगळी. १८८० सालची ही गोष्ट. मग दोघींची पत्रं सुरू झाली. बोटीनं पत्र पोचायला आठवड्यांवर आठवडे लागत. चूल-पाणी, सणवार, देवधर्म, लहान वयातली लग्नं, सगळ्याबद्दल त्या एकमेकींना लिहीत. आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. कलकत्त्याला असताना तिची तब्येत ढासळली, तर या मावशीनं अमेरिकेहून औषधं पाठवली.

७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता. ओळखीच्या मिशनरी बायकांची सोबत होती, पण आपलं असं कोणी नव्हतं. ४ जूनला बोट न्यूयॉर्कला लागली. धक्क्यावर कार्पेंटरबाई उभ्या होत्या. तीन वर्षं पत्रातून बोलणाऱ्या त्या दोघींची पहिली भेट तिथे झाली.

कार्पेंटरबाईंनी तिला आपल्या घरी नेलं, आपल्या मुलींबरोबर ठेवलं. आनंदीबाई लुगडं नेसत, शाकाहारी जेवत. कार्पेंटरबाई पक्क्या ख्रिस्ती होत्या, तरी त्यांनी तिला धर्म बदल असं म्हटलं नाही. आमच्या एका वहिनींना हे फार आवडलं. त्या म्हणाल्या, "मदत करणारी बाई आणि वर अट घालत नाही, अशी दुर्मिळच."

त्या वर्षीच्या शरदात आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. त्या कॉलेजच्या प्रमुखही एक बाईच होत्या, रेचल बॉडली. तिथे लांबलांबच्या देशांतून आलेल्या मुली होत्या. १८८५ सालचा एक फोटो आहे. त्यात तिघी आहेत, आपली आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि सिरियाची साबात इस्लांबूली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तिघींच्याही देशात बाईनं डॉक्टर होणं म्हणजे नवल. हा फोटो आम्ही मोबाईलवरून सगळ्यांना दाखवला. आमच्या एका कातकरी ताईंनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "या एकमेकींशी कुठल्या भाषेत बोलत असतील?" असं त्यांनी विचारलं. इंग्रजीत, आम्ही सांगितलं. तिघींनाही ती भाषा मुद्दाम शिकावी लागली होती.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई समुद्र ओलांडून आल्या. रमाबाई विधवा, त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतलेला, त्यामुळे इकडे त्यांच्यावर टीकेची झोड उठलेली. आनंदीबाई हिंदूच राहिलेल्या. दोघींची मतं कितीतरी बाबतींत वेगळी. पण आनंदाच्या दिवशी रमाबाई तिथे हजर होत्या.

मैत्रिणींनो, आपण मैत्री म्हणजे गप्पा, हसणं, एकत्र यात्रेला जाणं असं समजतो. तेही हवंच. पण या बायकांनी काय केलं ते मोजून बघा. एकीनं पत्र लिहिलं. तिनंच औषध पाठवलं, धक्क्यावर वाट पाहिली, घरात जागा दिली. एक पदवीच्या दिवशी लांबून आली. ही सगळी कामं आहेत. वेळ घालून, पैसा घालून, लोकांचं बोलणं सोसून केलेली.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. थंडी, खाण्याची आबाळ, अभ्यासाचा ताण. आनंदीबाईंना क्षय झाला. आपण ज्याला टीबी म्हणतो तो. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाचं काम त्यांना मिळालं होतं. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या, पण त्या कामावर रुजू होणं काही झालं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. ज्या बायकांसाठी त्या डॉक्टर झाल्या, त्यातल्या एकीचीही नाडी त्यांना कोल्हापुरात बघता आली नाही.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. कार्पेंटरबाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. आपल्या कल्याणच्या या लेकीचं नाव तिथल्या दगडावर आहे.

हे सांगून झालं तेव्हा पेणच्या समाजमंदिरात सगळ्या गप्प होत्या. मग मागच्या रांगेतून आमच्या गटातली एक बाई बोलली. तिला विचारून, तिचं नाव न घेता आम्ही हे सांगतो आहोत. ती म्हणाली, "तिची राख तरी मैत्रिणीनं जपली. मी जिवंत होते, तर तुम्ही चार महिने माझ्या दारात आला नाहीत."

कोणाला काही बोलता येईना. कारण ते खरं होतं.

झालं होतं असं. ही बाई आमच्या गटाची पहिल्यापासूनची सभासद. बचत कधी चुकवली नाही. पापडाच्या ऑर्डरीला सगळ्यांत आधी हजर. मग तिनं यायचं बंद केलं. बचतीचे शंभर रुपये मुलाच्या हाती पाठवायची. आम्ही काय केलं? गटाचा नियम काढला. बैठकीला गैरहजर, दहा रुपये दंड. चार बैठकांचे चाळीस रुपये दंड तिच्या नावावर लिहिला. वहीत हिशोब चोख. त्या वहीचं आमचं कौतुकही झालं.

तिला खोकला होता, संध्याकाळी ताप भरत होता, अंग वाळत चाललं होतं. टीबी निघाला. घरात तिचं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला, पडवीत अंथरूण दिलं. आम्हाला कानावर आलं होतं. आमच्यातल्या काहींनी तर म्हटलं, बरं झालं ती पापडाला येत नाही, गिऱ्हाईकाला कळलं तर? हे म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. आज कबूल करतो.

तिच्या दारात गेल्या त्या फक्त गावच्या आशाताई. त्यांनीच तिचे थुंकीचे नमुने तपासायला नेले, गोळ्या सुरू करून दिल्या, गोळी चुकू दिली नाही. सहा महिन्यांनी ती बरी झाली. बैठकीला आली तेव्हा तिनं पहिल्यांदा दंडाचे चाळीस रुपये पुढे ठेवले. आम्ही ते घेतले. वहीत जमा लिहिले.

तर आता आपण जरा टीबीबद्दल नीट समजून घेऊ. कारण आमचं वागणं भीतीतून आलं होतं आणि भीती अज्ञानातून.

टीबी एका जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं २४ मार्च १८८२ ला तो शोधल्याचं जाहीर केलं, म्हणून २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन असतो. म्हणजे आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या त्याच्या वर्षभर आधी जंतू सापडला होता. पण त्यावरचं पहिलं परिणामकारक औषध यायला १९४० नंतरची वर्षं उजाडली. आनंदीबाईंना ते मिळणं शक्यच नव्हतं. आज ते आपल्या गावापर्यंत येतं, तेही फुकट.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, भूक मरणं, थुंकीतून रक्त पडणं, यातलं काहीही असेल तर थुंकी तपासून घ्यायची. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. साध्या टीबीचे उपचार साधारण सहा महिने चालतात. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडायच्या नाहीत. सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग उपचार लांबतात, अवघड होतात. रुग्णाला पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला हजार रुपये बँकेच्या खात्यात मिळतात. आधी हे पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. खात्याची नोंद नीट झाली आहे ना, ते आशाताईंना विचारून घ्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. टीबी ताटा-पेल्यातून पसरत नाही. कपड्यांतून नाही, हात लावल्यानं नाही. फुप्फुसाचा टीबी असलेल्या माणसाच्या खोकल्यातून, शिंकेतून हवेत जंतू जातात, त्यातून तो पसरतो. म्हणून खोकताना तोंडावर फडकं धरायचं, घराच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. औषध नेमानं सुरू झालं की काही आठवड्यांत पसरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. आणि गर्भाशयाचा, हाडाचा असा दुसऱ्या अवयवाचाच टीबी असेल तर तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. तेव्हा आमच्या मैत्रिणीचं वेगळं ताट कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं. तिचा जीव मात्र त्यानं जाळला.

त्या रात्री चादर सोडायला उशीर झाला. पुढच्या बैठकीत आम्ही गटाच्या नियमांत भर घातली. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही पंचसूत्री आपल्या तोंडपाठ आहे. दशसूत्रीत आरोग्यही आहे, पण ते आपण भाषणापुरतं ठेवतो. आता आमचा नियम असा. सभासद लागोपाठ दोन बैठकांना आली नाही तर दंड लिहायच्या आधी दोघींनी तिच्या घरी जायचं. का आली नाही ते विचारायचं. दुखणं असेल तर दवाखान्यात तिच्याबरोबर एकीनं जायचं, आणि त्या दिवशी तिचं पापडाचं काम बाकीच्यांनी उचलायचं. कोण गेली, कधी गेली, हे वहीत लिहायचं. जसं कर्ज लिहितो तसं.

रोह्याच्या गटांनी त्यात आणखी एक घातलं, ते आम्हीही उचललं. दवाखान्यात जाताना सोबतीण आत, डॉक्टरांच्या समोरही बसेल, जर त्या बाईला चालत असेल तर. कारण आपण अजूनही अंगावरून जाण्याचं, गाठीचं, लघवीचं दुखणं सांगताना खाली बघतो आणि अर्धं गिळतो. श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाई याचबद्दल बोलल्या होत्या. आज महिला डॉक्टर आहेत, पण लाज गेलेली नाही. शेजारी आपली बाई बसली तर बोलायला धीर येतो.

आमच्या मैत्रिणीचे चाळीस रुपये आम्ही परत केले. तिनं ते हसून घेतले आणि त्याचा चहा मागवला. पण बैठकीला येताना ती अजूनही स्वतःचा पेला पिशवीतून आणते. सवय झाली, म्हणते. आम्ही तिला आग्रह करत नाही. नवा नियम वहीत चढायला एक बैठक लागली, तिच्या मनातून ते चार महिने जायला किती लागतील ते तिलाच ठाऊक. मागच्या वेळी आमच्यातल्या एकीनं तिचाच पेला मागून घेतला, माठातलं पाणी भरून प्यायली आणि धुऊन परत दिला. त्यावर कोणीच काही बोललं नाही. पापडाचं पीठ मळायला घेतलं.

मैत्रिणींनो, या आठवड्यात आपल्या गटाची वही उघडा. गैरहजेरीचं पान काढा. त्यात कोणाचं नाव पुन्हा पुन्हा येतंय ते बघा, आणि संध्याकाळी दोघी मिळून तिच्या घरी जा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा काय झालं ते आम्हाला सांगा.

नमस्कार.